खाटीकआळीतला लूसदे

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. माझं नाव लूसदे, अर्थ गुपचूप. जन्म पॅरिसच्या खाटीकआळीतला. मूळचा मी ‘दूस’, म्हणजे हळुवार. खाटकांनी माझा पहिला ‘द’ उचलून मागे टाकला, पुढे ‘ल’ चिकटवला, शेपटीला ‘ए’ जोडला. सगळी आळी असंच उलटंपालटं बोले. गिऱ्हाइकासमोर ‘शिळा तुकडा आधी खपव’ असं सरळ कसं सांगणार? सभ्य घरांत मात्र मला कुणी दारातही उभं करत नसे.

मग शहरात जर्मन आले. आंसेल्म खाटकाने रिव्का नावाच्या ज्यू शिवणकारणीला दुकानामागच्या खोलीत लपवलं. ती सापडली तर दोघांचंही मरण ठरलेलं. एका शनिवारी सकाळी मांसासाठी रांग लागलेली असताना आपलाच फ्रेंच पोलीस इन्स्पेक्टर ब्रिसे दोन जर्मन शिपायांना घेऊन आत शिरला.

“आमच्या वाट्याला नुसती हाडंच का हो, आंसेल्म?” रांगेतली एक म्हातारी कुरकुरली.

“हाडं तरी आहेत, आजी. उद्या वासावर भागवा,” आंसेल्म म्हणाला. सुरी न थांबवता तो गल्ल्यावरच्या बायकोला आळीच्या बोलीत म्हणाला, “पोरीला मागच्या दाराने काढ. लूसदे!”

ती उठली, तोच ब्रिसे हसला आणि त्याच बोलीत म्हणाला, “बसा वहिनी. मागच्या दाराशी आमची माणसं उभी आहेत. माझा बापही खाटीकच होता.”

ही बोली बाहेरच्याला कळत नाही, या भरवशावर आम्ही सगळे जगत होतो. शिपायांना वाटलं, साहेब मांसाचा भाव विचारतोय.

“इथेच थांबा, आत मी बघतो,” त्यांना बजावून ब्रिसे एकटाच मागे गेला. आतल्या कपाटाचं दार करकरलं. आंसेल्मची सुरी हवेतच राहिली.

ब्रिसे बाहेर आला. “उंदीर आहेत नुसते. चला!”

ते गेल्यावर रिव्का बाहेर आली. ब्रिसेने कपाट उघडून तिच्याकडे बघितलं होतं, ओठांवर बोट ठेवलं होतं आणि तो एवढंच म्हणाला होता, “लूसदे.” इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

रिव्का वाचली. ब्रिसे वाचला नाही. त्याच्याच कचेरीतल्या कुणीतरी जर्मनांकडे त्याची चुगली केली, तीही लूसदे.

मित्रांनो, मला शब्दकोशात जपून ठेवा असं मी म्हणत नाही. वर्गातून सटकायला खुशाल वापरा. पण कुणाच्या जिवावर उठायला मला नेऊ नका. मला ‘नाही’ म्हणता येत नाही.