बेटावरची फरशी

सकाळचा उजेड आधी समुद्राकडच्या दाराखालून आत आला. बोटभर रुंदीची, पाणी घातलेल्या दुधासारखी फिकट पट्टी; ती उंबऱ्याशी थोडी घुटमळली आणि मग खाटेच्या पायापर्यंत सरकली. तिच्यात ना तेज होते, ना रंग. बाहेर माडांच्या झावळ्या हलल्या की ती किंचित थरथरे आणि पुन्हा स्थिर होई. हळूहळू ती रुंदावली, फरशीवर आडवी पसरली आणि एकेका सांध्यावरून अशी अलगद पुढे गेली, जसा आंधळ्याचा हात ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरावा. मिस्त्री कुशीवर पडून तिच्याकडे बघत होते. चाळीस वर्षे फरशी बसवण्यात गेली, पण या उजेडाखेरीज त्यांनी कुणाला परीक्षक मानले नव्हते. दुपारचे ऊन वरून पडते आणि सगळ्यांचेच दोष झाकते. सकाळचा उजेड जमिनीलगत सरपटत येतो. एखादी फरशी केसभर जरी वर आली असली, तरी तिची सावली पाडून चहाडी करतो.

सावली कुठेच पडली नव्हती.

मिस्त्री खाटेवरून उतरले, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर टेकले आणि बोटाच्या पेराने फरशी वाजवू लागले. प्रत्येक फरशी भरीव आवाजात ओ देत होती.

"अहो, साठ पूर्ण झाली ना आज? मग रांगताय कशाला?" बायकोने पांघरुणातूनच विचारले.

"बटण पडलंय शर्टाचं."

"शर्ट खुंटीवर आहे, बटणं जागेवर आहेत. पोरीचं काम तपासताय, ते सरळ सांगा की!"

मिस्त्री कपाटामागे हात घालून बघत होते. चुकार कारागीर तिथेच अंग चोरतो.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. ते हिरवी पट्टी बांधून घरी पडून असताना लेक दोन गडी घेऊन होडीने या बेटावर आली आणि या अतिथिगृहाच्या सहाही खोल्यांची फरशी करून परतली. काम पाहून मालकीणबाईंनी तिला सांगितले होते, 'आईवडिलांना घेऊन चार दिवस राहायला ये.' लेकीने ते आमंत्रण वाढदिवसापर्यंत जपून ठेवले. "बाबा, थापी घरी ठेवायची. तिथे फक्त लोळायचं," असे तिने निघताना बजावले होते.

कुणी विचारले की मिस्त्री म्हणत, "माझ्या हाताखाली तयार झालीय. मदत करते मला, सिमेंट-वाळूचा माल कालवते." शेजाऱ्यांना हेच, घरमालकांना हेच, तिला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही हेच.

उजेड आता समोरच्या भिंतीला टेकला होता. मिस्त्रींनी डोळे बारीक केले. खोली वाकडी होती! एका टोकाला चांगली तीन बोटे जास्त रुंद. त्यांनी स्वतः केली असती, तर तो सगळा वाकडेपणा एका भिंतीशी ढकलून वर कपाट ठेवायला लावले असते. लेकीने तो दोन्ही भिंतींत अर्धा अर्धा वाटून टाकला होता आणि मधल्या ओळी दारापासून खिडकीपर्यंत सुतासारख्या नेल्या होत्या. नजरेला खोली काटकोनात वाटत होती. हे तिला कुणी शिकवले नव्हते. निदान त्यांनी तरी नाही.

"सापडलं का बटण?" बायकोने विचारले.

"नाही," मिस्त्री म्हणाले. का कोण जाणे, त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढले होते.

न्याहारीच्या वेळी मालकीणबाई ओसरीवर आल्या. शुभेच्छा देऊन झाल्या, आणि त्या खुर्ची ओढून मिस्त्रींसमोर बसल्या.

"मिस्त्री, आरामाच्या वेळी कामाचं बोलते, रागवू नका. पलीकडच्या किनाऱ्यावर बारा खोल्या काढतेय. काम तुमच्या घरातच द्यायचं मनात आहे. पण माझा भाऊ अडून बसलाय. म्हणतो, पोरगी बापाच्या नावावर चाललीय, तिच्या भरवशावर बारा खोल्या टाकू नकोस. हिला विचारलं, तर म्हणते बाबांना विचारा. आता तुम्हीच सांगा, यातला मिस्त्री कोण?"

लेक कठड्याला टेकून उभी होती. "बाबा म्हणतील तसं," ती म्हणाली आणि समुद्राकडे बघू लागली. तिच्या नखांच्या कडेला सिमेंटची राखाडी रेघ होती; किती घासले तरी ती जात नसे.

"काय आहे बाई, ती माझ्या हाताखाली..." मिस्त्रींनी सवयीने सुरुवात केली, आणि त्यांची नजर तिच्या नखांवर गेली.

बायकोने कप खाली ठेवला. "बोला ना," ती हळूच म्हणाली. "की तेही मीच सांगू?"

तिला माहीत होते. तिघांनाही माहीत होते. फरशीची ओळ धरायची दोरी मिस्त्रींना धूसर दिसू लागली, त्या वर्षीच लेकीने एका दुपारी, कुणाला कळू न देता, त्यांच्या हातातली रबरी हातोडी अलगद काढून घेतली होती. त्यावर ती चकार शब्द बोलली नव्हती. आणि संध्याकाळी घरमालकासमोर 'आम्ही बसवली' म्हणताना मिस्त्रीही अडखळले नव्हते.

त्यांनी पाठ ताठ केली. बोलले ते इतक्या खड्या आवाजात, की बागेला पाणी घालणारा माळीही वळून बघू लागला.

"बाई, भावाला सांगा, मिस्त्री ती आहे. अशी वाकडी खोली सरळ करणारा माणूस मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. मला आरशातही दिसला नाही!"

लेक झटकन वळली. "बाबा, काहीतरीच काय!"

"तू मध्ये बोलू नकोस. मोठी माणसं बोलतायत."

मालकीणबाई हसल्या. "आणि मग तुम्ही?"

"गेली तीन वर्षं फरशी तीच बसवते," मिस्त्री म्हणाले. "मी माल कालवतो."