मारुतीच्या फोटोखालचा डबा

आजऱ्याहून हंबीररावांचं पत्र येऊन पाच आठवडे झाले होते आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. हंबीरराव काजू कारखान्याचे मालक, माणूस सरळ. कोल्हापुरातल्या आमच्या तालमीवरच्या अभ्यासिकेला ते वायफायचं नवं यंत्र देणार होते. ‘अँटेना यंत्राच्या आतला घ्यायचा की बाहेरचा, ते तुम्ही सही करून कळवा. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत पत्र आलं नाही, तर त्याऐवजी तालमीला स्वागतकमान बांधतो.’

मी निवृत्त शाळामास्तर. पुस्तकातलं सांगताना अडखळत नाही; स्वतःचं मत द्यायचं म्हटलं की उद्यावर ढकलतो. त्यात आधीचं यंत्रही माझ्याच सांगण्यावरून आलेलं. इमारतीच्या आत लावायला अँटेना पोटातच असलेला, थाळीसारखा गोल डबा बरा, असं मी वाचलं होतं. तो चालला नाही. साठ फुटी खोलीच्या पलीकडच्या टोकाला रेंजच नव्हती. स्पर्धा परीक्षेची मुलं जिन्यात बसून सराव चाचण्या देत होती.

पंचवीस तारखेला सकाळी धीर करून तालमीत गेलो. जिन्याच्या पायथ्याशी वस्ताद गणपतराव उभे होते.

‘‘काय मास्तर, तुमच्या डब्यानं आमची पोरं बिघडवली की! जोर सोडून आखाड्यात रील बघाय लागलीत. खाली फुल रेंज हाय!’’

मी मान खाली घालून चढू लागलो आणि तिसऱ्या पायरीवर थांबलो. खाली फुल, आणि वर नाही?

वर गेलो. डबा समोरच्या भिंतीवर, घड्याळासारखा उभा लावला होता. मी तिथे वीसदा तरी येऊन गेलो असेन. पण चूक आपलीच, असं धरून चाललेला माणूस वर कशाला बघतो? तो डबा छताला लावायचा असतो. थाळी आडवी असली की लहरी कडेकडेने सगळ्या खोलीभर पसरतात. उभी केली की त्याच लहरी वर छपराच्या पत्र्यात आणि खाली आखाड्यात.

‘‘वस्ताद, हा छताला का नाही लावला?’’

‘‘मारुतीच्या डोक्यावर?’’ ते माझ्यामागून वर आले होते. तुळईला टेकलेल्या फोटोकडे त्यांनी बोट दाखवलं. ‘‘त्येच्या वर काय बी टांगायचं न्हाय. तालमीचा नियम हाय.’’

म्हणजे छत मिळणार नव्हतं. भिंतच होती, आणि भिंतीवर आपल्याला हवा तसा वळवता येईल असा अँटेना हवा होता. मी थेट कृष्णातच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो आणि बाहेर अँटेना असलेलं एक यंत्र दोन तासांसाठी मागितलं.

‘‘सर, खोलीत बाहेरचा अँटेना?’’ कृष्णात हसला. ‘‘पुस्तकात आसं लिवलंय व्हय?’’

‘‘पुस्तकात नाही. मी म्हणतोय.’’

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. कृष्णात हसायचा थांबला आणि यंत्र घेऊन माझ्याबरोबर आला.

जुना डबा काढून त्याने ते फोटोच्या खालीच बसवलं आणि अँटेनाच्या तिन्ही काड्या मोराच्या पिसाऱ्यासारख्या पसरवल्या. मी स्टुलावर चढून त्या एकेक करून सरळ उभ्या केल्या. उभ्या काडीच्या लहरी आडव्या, खोलीभर जातात. अवंतिका नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन पलीकडच्या टोकाला, जिथे कुणी बसत नसे तिथे बसली. तिने सराव चाचणी सुरू केली: शंभर प्रश्न, एक तास. मी समोर वर्तमानपत्र धरून बसलो. एक ओळही वाचली नाही.

‘‘सर!’’ ती उभीच राहिली. ‘‘गेला! एकदा पण अडकला नाही. अख्खा पेपर सबमिट झाला!’’

जिन्यातली मुलं धावत वर आली. बाकं सरकली, पुस्तकं उघडली, कुणी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात खालून एका पैलवानाची हाक आली, ‘‘मास्तर, खालची रेंज गेली की वो!’’

मी खिडकीतून वाकलो. आयुष्यात प्रथमच चारचौघांत ओरडलो, ‘‘मग जोर मारा!’’

सगळ्यांत मोठ्याने हसले ते वस्ताद.

तिथेच, मुलांच्या गलक्यात, कागद मागून घेतला. ‘हंबीरराव, बाहेरचे अँटेना घ्यावेत. यंत्र भिंतीवर, काड्या उभ्या. बहुधा’ इथवर लिहिलं आणि ‘बहुधा’ हा शब्द खोडला. खाली पूर्ण नावाची सही केली आणि पोस्टात जाऊन पत्र स्पीड पोस्टाने आजऱ्याला टाकलं.