मी तुला कापलं नाही

आपा पेबोस जेवणाआधी भाकरीशी बोलायचा, आणि नेमका तेव्हाच तेहातच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मी तुला कापलं नाही," भाकरी दोन्ही हातांत धरून तो म्हणायचा. "मी तुला दळलं नाही, मळलं नाही, भट्टीत घातलं नाही. ते दुसऱ्या कुणी केलं. मी निर्दोष आहे आणि निर्दोष हातांनी तुला खातो."

ती दुसरी कुणी म्हणजे तेहात. तीच तिथं दारात उभी असायची, कोपरापर्यंत पीठ, विळ्यानं कापलेल्या बोटाला चिंधी. गहू तिनं कापलेला, जात्यावर पहाटेपासून तीच बसलेली, भट्टीच्या धगीनं भुवया जळल्या त्याही तिच्याच. आणि हा माणूस तिच्या घरात, तिच्या चटईवर बसून, तिच्यादेखत भाकरीला सांगणार की पाप या बाईचं, माझं नाही. वर तिनं मान लववून आशीर्वाद मागायचा.

मानी नावाच्या प्रेषिताच्या या पंथात माणसांचे दोन ढीग. एक 'निवडलेले', दुसरे 'ऐकणारे'. निवडलेल्यांनी मांस खायचं नाही, मद्याला शिवायचं नाही, लग्न करायचं नाही. इतकंच काय, झाडाचं पानही तोडायचं नाही. कारण पानात, फळात, दाण्यात उजेड अडकलेला असतो आणि त्याला दुखतं. अंजीर तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, ते झाडाचं रडणं. मग खायचं काय? म्हणून ऐकणारे. ऐकणाऱ्यांनी तोडायचं, कापायचं, दळायचं, झाडाला रडवायचं आणि ताट सजवून निवडलेल्यांपुढे ठेवायचं. त्यांच्या पोटात गेलं की उजेड सुटतो आणि वाढणाऱ्याचं पापही माफ होतं म्हणे. उंटावरून शेळ्या हाकणं ते याहून वेगळं काय असतं?

पण आपा पेबोसचं नाव नाईलच्या दोन्ही काठांवर होतं. ज्यानं कळत्या वयात मांस सोडलं ते पुन्हा ओठाला लावलं नाही, असा माणूस. अलेक्झांड्रियाहून एक तत्त्ववेत्ता त्याच्याशी वाद घालायला आला होता, तो जाताना स्वतःच मांस सोडून गेला. सुभेदाराची बायको त्याच्या पायाशी बसून गेली. आणि असा हा नावाजलेला माणूस वाळवंट तुडवत या आडगावच्या बागांत आला तो तेहातच्या मागच्या खोलीत मुक्कामाला. गावातल्या साऱ्या ऐकणाऱ्यांनी तिचा हेवा केला. एकीनंही दळायला हात लावला नाही.

हे सगळं तिनं गिळलं असतं. दळण काय, जन्मभर दळलंच होतं. पण आपाला आता नोना हवी होती.

नोना तेहातची मुलगी, अकरा वर्षांची. आधीची तीन लेकरं वाळूत पुरल्यावर जगलेली चौथी. गळा गोड, अक्षर मोत्यासारखं. आपाची स्तोत्रं तिला एकदा ऐकून पाठ व्हायची. तेहातचा नवरा पामूर उंटांवरून कापड घेऊन दरीत, म्हणजे नाईलकाठी, विकायला जायचा. त्यानं एक दिवस जेवता जेवता सांगून टाकलं.

"खजुराची तोड झाली की आपा परत जातील. नोना त्यांच्याबरोबर जाईल. निवडलेली व्हायला. मी शब्द दिलाय."

"कुणाला विचारून?"

"पोरीलाच विचार. नाचतेय ती."

"अकरा वर्षांची पोर करडू दिसलं तरी नाचते. मी तुला विचारतेय, मुडद्या. कुणाला विचारून?"

"हळू बोल. आपा आत आहेत."

"ऐकू दे की! आजवर आपणच ऐकत आलो, एक दिवस त्यांनी ऐकलं तर कान झडणार नाहीत त्यांचे."

"तेहात, निवडलेली म्हणजे काय कळतं का तुला? पुन्हा जन्म नाही. जीव सरळ चंद्रावर, तिथून सूर्यात."

"आणि तुझं कापड सरळ दरीतल्या बाजारात. आपाच्या भक्तांच्या दुकानांत. दाण्यापाण्याचा हिशेब मलाही कळतो, पामूर. पोर विकतोयस तू."

पामूरनं ताट सरकवलं आणि उठून गेला. त्या दिवसापासून नवरा-बायको एकमेकांशी भिंतीशी बोलावं तसे बोलायला लागले. आपा पेबोस मात्र संध्याकाळी भाकरी हातात धरून आपलं निर्दोषपण भाकरीला समजावून सांगत राहिला.

त्याच आठवड्यात एकदा तेहातनं नोनाला हाक मारली. "चार काकड्या तोडून आण गं."

"तू तोड ना, आई."

"का? तुझे हात काय मेंदीचे आहेत?"

"नको मला," नोना म्हणाली आणि हात पाठीमागे नेले.

आळशी झालीय, आपाच्या खोलीत बसून बसून, असं म्हणत तेहातनं स्वतःच काकड्या तोडल्या. तिनं तेव्हा त्या मागे नेलेल्या हातांकडे नीट पाहायला हवं होतं. पण रागावलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, तशातली गत.

मग गावच्या चर्चमधला पाद्री सेरेनोस याच्याकडे बिशपचा हुकूम आला. मानीवाले आपल्यात लपलेत, त्यांना हुडका. हुडकायची रीत सोपी होती: रविवारी ज्याचा संशय येईल त्याच्यापुढे मांस ठेवायचं. खाईल तो आपला. न खाईल त्याची रवानगी दगडाच्या खाणीत. रविवार मुद्दाम निवडलेला, कारण त्या दिवशी मानीवाल्यांचा उपास.

शनिवारी दुपारी तेहात टोपलीत खजूर घेऊन सेरेनोसच्या दारात गेली. सेरेनोस ओट्यावर बसून पाय चोळत होता.

"मागच्या खोलीत आहे," ती म्हणाली. "आपा पेबोस."

सेरेनोसचा हात थांबला. "तो? तुझ्या घरात? आणि तूच सांगतेस, तेहातबाई?"

"नेतोस की नाही तेवढं बोल."

"नेईन की. पण म्हातारा आहे. खाणीत चार दिवस टिकायचा नाही, आधीच सांगतो."

"त्याचे हात नेहमी स्वच्छच असतात. पाप करायला दुसरं कुणी लागतंच त्याला. हेही करते मी."

सेरेनोस हसला. खजूर चांगले आहेत म्हणाला.

"माझ्या पोरीला हात लावायचा नाही," तेहात म्हणाली. "शपथ घे."

"हात लावणार नाही. क्रुसाची शपथ."

घरी येताना तिला वाईट वाटलं का? नाही. उगाच खोटं कशाला सांगायचं? तिला हलकं हलकं वाटत होतं. तिनं त्या संध्याकाळी भाकऱ्या जरा जास्तच मऊ केल्या.

रविवारी दुपारी सेरेनोस दोन शिपाई आणि एक हंडा घेऊन आला. हंड्यात उकडलेला बकरा. अंगण ओलांडून, दोन दारं सोडून, कुणालाही न विचारता तो सरळ मागच्या खोलीत शिरला. पामूर मागोमाग धावला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

खोलीत आपा पेबोस भिंतीला टेकून बसला होता. समोर नोना. दोघं स्तोत्र म्हणत होते, ते थांबले.

"घरातल्या प्रत्येकानं एक एक तुकडा," सेरेनोस म्हणाला. "बिशपसाहेबांची मेजवानी आहे, नको म्हणायचं नाही."

पामूरनं तर न चावताच गिळला. ऐकणाऱ्यांना एरवी मांस चालतं, पण उपासाच्या दिवशी आपासमोर खायची त्याला लाज वाटली असावी, कारण मान वर झाली नाही. तेहातनं खाल्ला. मीठ कमी होतं. मग सेरेनोस आपाकडे वळेल म्हणून ती वाट बघत उभी राहिली.

सेरेनोस नोनाकडे वळला. "घे, पोरी."

नोनानं ओठ मिटले.

"घे म्हणतो ना."

"मी खात नाही," नोना म्हणाली. "माझ्या तोंडावर शपथेची मोहोर आहे. हातावरही आहे, पानसुद्धा तोडायचं नाही. मी मंगळवारीच निवडलेलीची शपथ घेतली."

तेव्हा कुठे तेहातला त्या काकड्या आठवल्या.

"अरे वा!" सेरेनोस शिपायांना म्हणाला. "एक शोधायला आलो आणि दोन मिळाले. चला, दोघांना बांधा."

"हात लावणार नाही म्हणाला होतास!" तेहात ओरडली. "क्रुसाची शपथ घेतली होतीस माझ्यापुढे! काल!"

पामूरनं बायकोकडे पाहिलं. नोनानंही पाहिलं. तेहातनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, पण बाण सुटून गेला होता.

"मी कुठे हात लावतोय?" सेरेनोस म्हणाला. "दोरी लावतोय."

आपा पेबोस उठला. उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला त्याला. "माझा तुकडा दे," तो म्हणाला.

"काय?"

"मी खातो. पोरीला सोड."

सेरेनोसनं डोळे बारीक केले. मग त्याच्या तोंडावर जे हसू पसरलं ते पाहून तेहातला किळस आली, आणि तिनंच या माणसाला खजूर नेऊन दिले होते. "पेबोस बकरा खाणार," तो म्हणाला. "अहो, मग मला पोर कशाला हवी? दरीभर सांगत सुटेन मी. पण तुझाही खायचा आणि तिचाही. दोन."

"दोन," आपा म्हणाला.

त्यानं पहिला तुकडा दोन्ही हातांत धरला, रोज भाकरी धरायचा तसा. तेहातला वाटलं, आता म्हणेल तेच, दुसऱ्या कुणी केलं. नाकानं कांदे सोलायची खोड मेल्यावरच जाते.

"मी तुला मारलं," आपा मांसाला म्हणाला. "मी तुझा गळा चिरला. मी तुला सोललं, मी तुला उकडलं. दुसऱ्या कुणी नाही, मीच. मी दोषी आहे."

"हा कसला मंत्र?" सेरेनोस म्हणाला. "जेव, म्हाताऱ्या."

आपानं खाल्लं. चावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण त्यानं चावलं आणि गिळलं. मग नोनाच्या पुढ्यातला तुकडा उचलला, तेच शब्द पुन्हा म्हटले आणि तोही खाल्ला. शिपायांतला एक फिदीफिदी हसला. दुसरा दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

"तेहातबाई," जाता जाता सेरेनोस अंगणातून मोठ्यानं म्हणाला, शेजारच्या गच्च्यांवर बाया उभ्या होत्या त्यांना ऐकू जाईल असं, "खबर खोटी दिलीस हो! हा साधूबुवा तर माझ्यापेक्षा जास्त खातो!"

आपा भिंतीमागे जाऊन उभा राहिला. त्याला उमासे येत होते, पण ओकला नाही. तेहात लांबून बघत होती. तिला त्याची दया यायला हवी होती आणि येत नव्हती, याचाच तिला जास्त राग आला. इतके महिने तिनं या माणसाला शिव्या घातल्या त्या एकाच गोष्टीसाठी, की पाप दुसऱ्याच्या अंगावर ढकलून हा नामानिराळा. आता यानं तीही शिवी तिच्या तोंडातून काढून घेतली. काही म्हणून तिच्याकडे शिल्लक ठेवलं नाही.

ऊन कलायच्या आत पामूरनंच आपाला निघायला सांगितलं. "निवडलेले राहिला नाहीत तुम्ही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुम्हाला वाढून आता आमचं काही सुटत नाही." कालपर्यंत ज्याच्या पायाची धूळ कपाळाला लावत होता, त्याला त्यानं गाढवसुद्धा दिलं नाही.

बागेच्या तोंडाशी अंजिराचं झाड होतं. तिथं आपा थांबला. हात वर केला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः एक अंजीर तोडलं. पांढरा चीक त्याच्या बोटांवरून ओघळला. तो बघत राहिला.

"माझं म्हणणं तुला टोचायचं, लेकी," मागे उभ्या तेहातला तो म्हणाला. "मला दिसायचं. तरी मी रोज म्हणत राहिलो."

"मग आता काय पाया पडू?"

"नको. पोरीला सांभाळ."

"माझी पोर कशी सांभाळायची ते तुम्ही मला शिकवू नका," तेहात म्हणाली, आणि तो जाईपर्यंत तिथं थांबलीही नाही.

तिला हवं होतं ते मिळालं होतं. आता नोना कुठंही जाणार नव्हती. बाटलेल्या आपाच्या हातून घेतलेल्या शपथेला दरीतला कुठला निवडलेला विचारणार होता? पोर घरात राहिली. तेहातनं जात्यावर बसून दळलं, मळलं, भट्टी पेटवली. पोटभर जेवू घालू, रडेल, रागावेल, चार दिवसांत येईल मांडीवर. लेकरूच ते.

नोना मागच्या खोलीत आपाच्या चटईवर बसली होती, आपा बसायचा तशीच, भिंतीला टेकून. तेहातनं गरम भाकरी तिच्यापुढे ठेवली, वाटीत तेल, बाजूला सोललेली काकडी.

"जेव, बाळ. दिवसभर उपाशी आहेस."

नोनानं भाकरी दोन्ही हातांत उचलली. पण तिनं भाकरीकडे पाहिलं नाही. ती आईकडे बघत होती, डोळे कोरडे ठक्क.

"मी तुला कापलं नाही," ती म्हणाली. आवाज गोड होता, नेहमीसारखा. "मी तुला दळलं नाही. मी तुला मळलं नाही, भट्टीत घातलं नाही. ते दुसऱ्या कुणी केलं. मी निर्दोष आहे."

मग तिनं भाकरी मोडली आणि सावकाश जेवायला लागली. तेहात दारात उभी राहिली, कोपरापर्यंत पीठ. तिला तिथून जाताही येईना. पोरीचं जेवण झाल्यावर तिला पाणी द्यायचं होतं.