बिनपाण्याच्या विटा

आमचा सायझिंगचा कारखाना, म्हणजे सुताला खळ लावायचा. बॉयलर पेटला की चिमणीचा धूर सगळ्या मोहल्ल्यावर आणि राखेचा ढीग मागच्या भिंतीला. सासऱ्यांपासून असंच चाललेलं. मग रसायनशास्त्र शिकलेली तृप्ती सून म्हणून आली आणि तिला त्या धुरात, त्या राखेत विटा दिसल्या.

वेल्डिंगवाले गॅस काढून झाला की कार्बाइडचा पांढरा चुना नाल्यात फेकतात. तो ती बहादरपूरहून टेम्पोत भरून आणते. राखेत कालवायचा, साच्यात दाबायचा, कच्च्या विटा उन्हात सुकवायच्या. मग जुन्या लोखंडी टाकीत रचून चिमणीचा धूर थंड करून आत सोडायचा. चुना धुरातला कार्बन डायऑक्साइड पिऊन घेतो म्हणे, आणि त्याचा दगड होतो. भट्टी नको, सिमेंट नको.

"लोक सुनेला दागिने देतात, आम्ही उकिरडा दिला," मी म्हटलं.

"तोच मागायला आले होते, आई."

उत्तराला उत्तर. माझ्याच घरात शोभते.

गच्चीवर सुकवलेल्या पहिल्या विटा हातोड्यालाही दाद देईनात. पण खाली, दिवसभर ऊन येतं त्या शेडमध्ये काम सुरू केलं आणि विटा बिघडल्या. टाकीतून वीट काढली की वरून टणक, फोडली की आत लगदा. खेपेमागून खेप. सुताच्या गाठी ठेवायला माझ्या लेकाला, निरंजनला, ती शेड हवीच होती.

"ही खेप बिघडली तर शेड रिकामी करायची," तो बायकोला म्हणाला. "भई, हौस पुरे झाली."

तृप्ती पुढच्या खेपेची राख चाळायला लागली. तिचं असं ऐकून घेणं मला सोसेना. भांडणारी सून परवडते.

दुपारी ती चुना आणायला गेली आणि मी शेडकडे फिरकले. बघते तर माझी नणंद, मालूबाई. गुडघ्यांपायी जिना चढवत नाही, पण ही बया वाकून कच्च्या विटांवर ओलं बारदान पसरत होती.

"हे काय चाललंय वं?"

"पाणी देते, वहिनी. केवढं ऊन! पोरीला सांगू नका, तिला वाटेल मी तिच्या कामात हात घालते. ती यायच्या आधी काढून घेते रोज." मालूबाईचे मालक गवंडी होते. कच्च्या बांधकामाला पाणी दिलं नाही तर घराला जन्मभर तहान लागते, असं ते म्हणायचे. ते गेले, बाई मात्र तेवढं धरून बसली.

मला काय कळणार? मीही सिमेंटवर पाणी मारतानाच पाहिलेलं. तिला करू दिलं.

संध्याकाळी जेवताना मात्र विचारलं, "काय गं, तुझ्या विटांना पाणी मारलं तर?"

"वाटोळं होईल, आई. त्या अर्ध्या कोरड्याच पाहिजेत. पाण्यानं पोट भरलं तर धूर आत शिरणार कुठून? वरचं तेवढं दगड होईल, आत..."

मालूबाईच्या हातातला घास ताटात पडला. मालूबाईला चढवत नाही त्या गच्चीवर विटा चांगल्या का झाल्या, ते मला तेव्हा उमगलं.

"मीच ओलं बारदान टाकायची रोज," मी म्हटलं. "मला वाटलं, वाळून तडकतील. जे केलं ते केलं."

आई चुकली, हे निरंजननं जन्मात ऐकलं नव्हतं.

"वहिनी खोटं बोलतात!" मालूबाई रडायलाच लागली. "माझे हात झडोत, पोरी. मी केलं."

मला वाटलं, आता तृप्ती तडकणार. हक्कच होता तिचा. ती उठली, मालूबाईचे खरखटे हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाली, "आत्या, म्हणजे माझं गणित बरोबर होतं! मी तर स्वतःलाच मूर्ख समजत होते." आणि तीही रडली. निरंजनला मी डोळ्यानंच सांगितलं, शेडचं नाव काढशील तर बघ.

पुढच्या खेपेला मालूबाई काठी घेऊन शेडच्या दारात बसली. हात धुवायला तांब्या घेऊन आलेल्या निरंजनलाही तिनं हाकललं. "पाणी घेऊन आत नाही यायचं!"

टाकी उघडली. तृप्तीनं एक वीट माझ्यासमोर ठेवली. मी घण मागवला. पदर खोचून असा हाणला की खांदा दुखला. वीट फुटली, पण दोन तुकड्यांत, आणि आतही बाहेरसारखीच टणक. नखानं खरवडून पाहिली, कण निघेना.

"चालेल," मी म्हटलं. तृप्तीला माझं 'चालेल' म्हणजे काय ते ठाऊक आहे.

निरंजननं गाठी चुपचाप माडीवर चढवल्या. त्या विटांची आम्ही अंगणात कपडे धुवायची फरशी घातली. फरशी तयार झाली तेव्हा मालूबाई लांबच उभी.

"आता काय बघते?" मी म्हटलं. "पाज तिला पाणी. आता पिऊ दे पोटभर."

तिनं तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीनं मान हलवली, तशी मालूबाईनं अख्खी कळशी त्या विटांवर ओतली.