ते हॉटेलातलं हिरवं

सुरी आत जाईना म्हणून बाबांनी अ‍ॅव्होकाडोवर वरून तळहाताने जोर द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिने त्यांचं मनगट धरलं.

"दाबायचं नाही, बाबा. सुरी नुसती टेकवा आणि फळ फिरवा."

बाबांनी फळ फिरवलं. सुरी बीला घासत गेल्याचा बारीक आवाज आला. मग तिने हवेतच दोन्ही मुठी उलटसुलट पिळून दाखवल्या, त्यांनी तसं केलं, आणि फळाचे दोन भाग अलगद सुटून हातात आले. एकात बी राहिली, दुसऱ्यात तिच्या मापाचा खड्डा. बाबांनी ते दोन्ही भाग खिडकीकडे धरून पाहिले. त्यांची सगळी नोकरी वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून गेली होती. वस्तू उजेडात धरल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"डब्याच्या झाकणासारखं उघडलं की गं," ते म्हणाले.

बाबा म्हणजे तिचे सासरे. म्हणजे, पूर्वीचे. कोर्टाने नवरा-बायकोचं काय ते सांगून टाकलं होतं. सासऱ्यांना इथून पुढे काय म्हणायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं. ती बाबाच म्हणत राहिली. पंचाईत बाबांची झाली. लग्न झाल्यापासून ते तिला सूनबाई म्हणत आले होते. आता नुसतं "अगं" म्हणून थांबत आणि पुढचा शब्द गिळून टाकत.

ती एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या घडवायची. बाबांची कवळीही तिनेच केलेली, ती त्यांच्या घरात नांदत होती तेव्हाची. घटस्फोटानंतर ती दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला आली आणि काही आठवड्यांनी एका शनिवारी बाबा दारात उभे राहिले. डाव्या बाजूला टोचतंय म्हणाले. तिने कवळी हातात घेतली, बोट फिरवून पाहिलं. टोचण्यासारखं काही नव्हतं. तरी लहान कानस घेऊन तिने दोनदा उगाच घासल्यासारखं केलं आणि परत दिली. बाबांनी ती घालून पाहिली, आता बरं वाटतंय म्हणाले आणि चहा घेऊन गेले. पुढच्या शनिवारी उजव्या बाजूला टोचायला लागलं. नंतर नंतर त्यांनी कारण सांगणं सोडून दिलं आणि तिनेही कानस काढणं सोडलं. बाबांच्या मुलाला, म्हणजे तिच्या पूर्वीच्या नवऱ्याला, यातलं काही ठाऊक नव्हतं. तो नव्या बायकोबरोबर दुसऱ्या शहरात राहत होता. बाबा त्याच्याविषयी बोलत नसत, ती विचारत नसे. दोघं हवामान, गुडघे आणि बिघडलेली लिफ्ट यांवर तास दीड तास सहज काढत.

तिच्या आठवड्यात तेवढाच तास दीड तास बोलण्याचा होता. लॅबमध्ये यंत्रांच्या घरघरीत कुणी कुणाशी बोलत नसे आणि घरी भिंतींशी बोलायची वेळ अजून आली नव्हती, असं ती स्वतःला बजावत असे.

या मंगळवारी मात्र बाबांचा फोन आला. ते हॉटेलातलं हिरवं, मक्याच्या चिप्सबरोबर देतात ते, तुला करता येतं का, असं त्यांनी विचारलं. तिला हसू आलं. कोपऱ्यावरच्या त्या रेस्टॉरंटमध्ये ते तिघं वाढदिवसाला जात. वेटर गाडीवर दगडी खल घेऊन टेबलापाशी येई आणि सगळ्यांसमोर ग्वाकामोले करून देई. नवरा फोनमध्ये डोकं घालून बसे. ती आणि बाबा त्या वेटरच्या हातांकडे टक लावून पाहत. ते रेस्टॉरंट बंद पडून तिथे आता चपलांचं दुकान झालं होतं. पण ते हात तिच्या लक्षात राहिले होते. येतं की, म्हणाली ती. बाबांना ते खावंसं वाटलं आणि त्यासाठी त्यांनी आपल्याला फोन केला, याचाच तिला इतका आनंद झाला की संध्याकाळी बाजारात जाऊन तिने दगडी खल विकत घेतला आणि येताना मोठे दोन वाडगेही. फळं गुरुवारी आणली, शनिवारपर्यंत बरोबर मऊ होतील अशी, एकेक देठाशी दाबून. दोन दिवस ती कागदात गुंडाळून ठेवली आणि येता-जाता उघडून पाहिली.

आणि आज आल्या आल्या बाबा म्हणाले, मी करतो, तू नुसती सांग.

तिने आधी कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ खलात घालायला लावलं. बाबांनी बत्ता हातात घेतला, पण मिठापाशी अडले.

"किती?"

"चवीपुरतं."

"म्हणजे किती?"

"चिमटीत येईल तेवढं."

"तुझी चिमूट की माझी?" बाबा म्हणाले. "असल्या मापाला मी दुकानदारांना दंड करत आलो."

ती मोठ्याने हसली. आपल्याच घरात आपलं हसणं तिला जरा परकं वाटलं. बाबा मन लावून कुटत होते. कांद्याला पाणी सुटून सगळं हिरवं, ओलसर झालं, मग तिने चमच्याने गर काढून त्यात टाकायला सांगितला. फार बारीक करू नका, म्हणाली, गोळे राहू देत, जिभेला लागले पाहिजेत. बाबा हात धुवायला नळाकडे गेले. तेवढ्यात तिने टोमॅटो कापला, आतल्या बिया आणि पाणी बोटाने काढून टाकलं, आणि नुसत्या गराच्या फोडी करून खलात सोडल्या. बाबांची पाठ तिच्याकडे होती.

"हे आधी करून ठेवलं तर चालतं का गं?" त्यांनी नळापाशी उभ्यानेच विचारलं.

"आधी म्हणजे?"

"म्हणजे माणसं येण्याच्या आधी."

ती थांबली. "कोण येणार आहे?"

बाबांनी नळ बंद केला. हात पुसायला त्यांना बराच वेळ लागला.

"उद्या दोघं येतायत," ते म्हणाले. "तो आणि ती."

मग उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. मागच्या खेपेला ती मुलगी आली, तर मांडीवर पर्स घेऊन बसून राहिली. ताटातलं काहीबाही चिवडलं, पाणी प्यायली. संध्याकाळची गाडी असताना दुपारीच निघाले. आपलं काय चुकलं ते बाबांना कळेना. त्यानंतर आज येतो, उद्या येतो करत कित्येक महिने गेले. या सोमवारी फोनवर मुलाच्या तोंडून सहज निघालं की हे हिरवं तिला कधीही दिलं तरी चालतं, दुसरं काही नसलं तरी.

"विकत मिळतं डब्यात," बाबा म्हणाले. "पण म्हटलं, हाताने केलेलं दिसलं तर बसेल जरा."

तिने लिंबू कापलं. अर्धं लिंबू बाबांच्या हातात दिलं आणि शेवटी पिळायचं, म्हणजे काळं पडत नाही, असं सांगितलं. आधी करून ठेवायचंच असेल तर वर कागद चिकटवून ठेवा, हवा लागू देऊ नका. कांदा याहून बारीक चिरा, तिच्या दाताखाली यायला नको. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. टोमॅटोच्या बियांचं तेवढं ती बोलली नाही.

तिने सगळं मोठ्या वाडग्यात काढलं आणि दोघांनी एकेक चिप बुडवून खाल्ली. बाबांनी डोळे मिटले.

"तेच," ते म्हणाले. "अगदी तेच."

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. घर आवरायचं होतं, चादरी बदलायच्या होत्या. तिने उरलेली चार फळं कागदात बांधून त्यांच्या पिशवीत घातली, वर खलही ठेवला. बाबा नको नको म्हणाले आणि घेऊन गेले. मोठ्या वाडग्यातलं तसंच राहिलं. एकटीला संपणारं नव्हतं आणि ते टिकणारंही नव्हतं. संध्याकाळपर्यंत त्यावर तपकिरी साय धरली. तिने ते चमच्याने कचऱ्यात टाकलं आणि वाडगा घासून पालथा घातला.

रविवारी ती खिडक्यांच्या काचा पुसत होती. स्टुलावर चढलेली असतानाच फोन वाजला. बाबा कुजबुजत होते.

"अगं, हे पातळ झालंय. सूपच झालंय जवळजवळ. काय चुकलं?"

तिला लगेच कळलं. ती स्टुलावरून खाली उतरली.

"टोमॅटो बियांसकट घातलात?"

"मग कसा घालायचा?"

सांगायचं खरंच विसरले होते की मुद्दाम टाळलं, हे तिने कालपासून स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारायला वेळ नव्हता. एक फळ उरलं असेल ते कुस्करून घाला, म्हणाली ती. आहे, पण दगड आहे, बाबा म्हणाले, बाकीची तीन लोण्यासारखी होती, हे एकच अडलंय. मुलगा बर्फ आणायला खाली गेला होता, ती मुलगी बाहेर बसली होती आणि त्यांना काही सुचत नव्हतं.

मग पलीकडे पावलं वाजली. एक तरुण बायकी आवाज अगदी फोनजवळ आला.

"बाबा, कुणाचा फोन?"

बाबांचा श्वास तिला ऐकू येत होता.

"फळवाली म्हणा," ती हळूच बोलली.

"फळवाली आहे," बाबा म्हणाले.

"बरं झालं. द्या इकडे."

फोन हातातून हातात गेला. तिने नकळत पदराला हात पुसावा तसा ओला हात कुर्त्याला पुसला.

"ताई, हे अ‍ॅव्होकाडो तुमच्याकडचेच ना?"

"हो."

"त्यातला एक अगदी कडक निघालाय हो. म्हातारं माणूस बघून असं करू नका. सकाळपासून उभे आहेत ते माझ्यासाठी."

"मीच निवडले होते," ती म्हणाली. "एक चुकला."

आवाज लगेच मऊ झाला. तसं काही नाही, बाकीचे चांगले होते, ती मुलगी म्हणाली. आता या पाण्याचं काय करायचं तेवढं सांगा. तिने सांगितलं, चाळणीत ओता, हलवू नका, पाणी आपोआप खाली जाईल. मग लिंबू आणि मीठ पुन्हा चाखून बघा. टोमॅटोच्या बिया आधी काढायच्या असतात, ते बाबांना सांगायचं राहून गेलं.

"म्हणजे तुम्ही शिकवलंत त्यांना?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

"चव मस्त आली आहे. मला ना, मागच्या वेळी त्यांची भीतीच वाटली होती. सारखे माझ्या ताटाकडे बघत होते." ती हसली. तेवढ्यात दाराची बेल वाजली. बाबा, तुम्ही बघता का, असं ती म्हणाली आणि बाबांची पावलं लांब गेली. मग अनोळखी माणसाला सांगायला सोपं जातं तसं, आवाज उतरवून, ती घाईने बोलली.

"त्यांना सांगू नका हं. आम्ही पुढच्या महिन्यापासून इथेच राहायला येतोय, त्यांच्याजवळ. आज जेवताना सांगणार आहोत. एकटे असतात ते, बघायला कुणी नाही इथे. मग फळं घ्यायला मीच येत जाईन तुमच्याकडे."

अर्धी पुसलेली काच समोर होती. साबणाचा एक ओघळ खालच्या चौकटीपर्यंत आला होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"ऐकताय ना, ताई?"

"हो," ती म्हणाली. "चांगलं केलंत."

"घ्या, बाबा आले. बोला त्यांच्याशी."

बाबांनी फोन घेतला आणि ऐकणाऱ्यासाठी घसा खाकरून मोठ्याने सांगितलं, पुढच्या वेळी माल बघून देत जा. चाळणी कुठे आहे, असं पलीकडे ती मुलगी विचारत होती. वरच्या फळीवर, त्यांनी सांगितलं. भांडी वाजली, बर्फ कशात तरी पडला, एक पुरुषी आवाज काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले. तो आवाज तिने ओळखला. मग बाबांनी तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं.

"बसली आहे गं ती," ते कुजबुजले. "स्वयंपाकघरात येऊन बसली आहे. शनिवारी येतो, सगळं सांगतो तुला."

"आधी जेवायला बसा, बाबा," ती म्हणाली. "ते थांबलेत तुमच्यासाठी."