जोडणारा, तपासणारा

टक्.

आवाज एवढाच. दुपारचे सव्वादोन वाजले होते. आरोही झोपली होती, नाना बाहेरच्या खोलीत चष्मा कपाळावर सरकवून आडवे झाले होते, आणि माझ्यासमोरची स्क्रीन काळी झाली. कॅबिनेटमधला पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. सकाळपासून ही तिसरी वेळ.

"लाइट गेली का गं?" नानांनी पडल्या पडल्या विचारलं.

"नाही नाना, मीच कॉम्प्युटर बंद केला."

"बरं केलं. नव्या मशिनीला दम द्यावा मधी मधी."

संध्याकाळी सहाच्या आत मला अमित सरांना एक ड्रॉइंग पाठवायचं होतं. आरोही व्हायच्या आधी सहा वर्षं मी अंबडला त्यांच्या ऑफिसात कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला, बसायचे. पत्र्याचे पॅनेल, कंट्रोल बॉक्स, तेच ते. आता ते घरून काम द्यायला तयार झाले होते. फक्त मशीन स्वतःचं हवं आणि चाचणीचं ड्रॉइंग सोमवारी सहापर्यंत हातात पडायला हवं. पण त्या दुपारी खरी काळजी ड्रॉइंगची नव्हती. मशीन नानांनी जोडलं होतं.

नाना म्हणजे माझे सासरे, धोंडीराम. चौतीस वर्षं ओझरला विमानांच्या कारखान्यात फिटर. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. त्यांनी आवळलेला नट दुसऱ्याला पुन्हा कधी आवळावा लागला नाही, असं त्यांचे जुने मित्र अजून सांगतात. घरात त्यांच्याकडे आता भाजी आणायची आणि आरोहीला शाळेच्या रिक्षात बसवायचं, एवढंच. नळ गळला की महेश, माझा नवरा, मोबाइलवरून प्लंबर बोलावतो. नाना मागे हात बांधून बघत राहतात. प्लंबर गेला की हळूच जाऊन नळ एकदा उघडून बंद करतात.

दोन दिवस आधी, शनिवारी, महेशची सातपूरला शिफ्ट होती, म्हणून कॉम्प्युटरचे भाग घ्यायला माझ्याबरोबर एम.जी. रोडला नाना आले. पंचेचाळीस हजारांच्या वर जायचं नाही, असं ठरलं होतं. दुकानदार कुंदनशेठनं आधी काचेचं कॅबिनेट पुढं केलं. आत लाल-निळे दिवे गोल फिरत होते.

"ताई, आत्ता सगळे हेच घेतात."

"लग्न हाय का त्याचं?" नाना म्हणाले. "साधा पत्रा दाखवा. आन् आत कामाचं काय हाय ते बोला."

माझं काम रेषांचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नको, ते ज्याच्या पोटातच आहे असा प्रोसेसर घ्यायचा, हे मी घरूनच ठरवून गेले होते. मॉनिटर कुठल्याशा क्लासमधून आलेला, जुना, कोपऱ्यात ओरखडा असलेला घेतला. पॉवर सप्लायची पाळी आली तेव्हा नाना पुढं झाले. दोन खोकी दोन हातांत तोलली, डोळे मिटले.

"हा घ्या. जड हाय. आत माल हाय. दुसरा नुसता डबा."

"काका, दोन्हीवर आकडा एकच लिहिलाय."

"आकडा कोणीबी लिहितं."

कुंदनशेठ हसला आणि जडवाला पिशवीत टाकला. "काकांना काउंटरला बसवायला पाहिजे ताई."

अडलं ते रॅमवर. आठ जीबीत कॅड रडत चाललं असतं, सोळा परवडत नव्हती.

"मागच्या वर्षी अर्ध्या भावात होती ना हो ही?"

"ताई, रॅमचा भाव कांद्यासारखा झालाय. सकाळी एक, संध्याकाळी एक. कांदा निदान चिरल्यावर रडवतो, ही घेतानाच रडवते."

बाराशे रुपये वर जात होते. नानांनी कच्च्या बिलावर वाकून बोट ठेवलं.

"हे जोडणावळ म्हणून काय लावलंय? पंधराशे?"

"फिटिंग चार्ज, काका. सगळं जोडून, चालू करून देतो."

"ते काढा. आम्ही जोडू घरी."

कुंदनशेठनं माझ्याकडे पाहिलं. "काका, हा काय मिक्सर नाहीये."

"मी बी मिक्सर जोडत नव्हतो," नाना म्हणाले.

"काढा ते पंधराशे," मी म्हणाले. सिटी बसमध्ये सगळी खोकी त्यांनी आपल्याच मांडीवर घेतली. मला एकही दिलं नाही.

रविवारी अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून नाना डायनिंग टेबलाशी बसले. टेबलावर धुतलेली पांढरी चादर. पुठ्ठ्याची एक चिठ्ठी त्यांनी आधीच करून ठेवली होती, कॅबिनेटला दोऱ्यानं बांधायची. तिच्यावर दोन ओळी: जोडणारा, तपासणारा.

"आमच्याकडं एकाच्या सहीवर काय उडत नव्हतं," ते म्हणाले. "जोडणाऱ्याला त्याची चूक दिसत नाय. म्हणून दुसरा लागतो. तू तपासणार."

मी मोबाइलवर व्हिडिओ लावून पुढची पायरी सांगायची, त्यांनी बसवायचं. चौसष्टीचे हात, पण कुठे थरथर नाही. रॅम खाचेत खट्कन बसली तेव्हा त्यांनी आरोहीकडे बघून भुवया उडवल्या. ती म्हणाली, "नाना, परत!" "परत नाय. एकदाच बसवायचं आन् नीट बसवायचं."

मग तिनं दूध सांडलं. तिला धुऊन, फरशी पुसून मी दहा मिनिटांनी आले, तर प्रोसेसरच्या डोक्यावर कूलर बसलेला होता. कूलर म्हणजे धातूचा ठोकळा आणि त्यावर पंखा; चार स्क्रूंनी धरलेला. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत माझ्या नेलपेंटची एकेक लाल रेघ.

"स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते," नाना म्हणाले. "लांबून कळतं, कोणी हात लावला ते."

शेजारी चिंधीवर राखाडी डाग होते. "हे काय?"

"स्टोअरचं ग्रीस. नवा पार्ट गंजू नये म्हणून लावून पाठवतात. ते काढल्याबिगर पार्ट बसवायचा नसतो. पार चकचकीत केला बघ. कर सही."

मी सही केली. कूलर खालून कसा दिसत होता, ते मी पाहिलं नव्हतं.

मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्या संध्याकाळी नाना पाना-पेचकस घेऊन घरभर फिरले. कुकरची दांडी, बाथरूमची कडी, देवघराचं दार. महेश म्हणाला, "नाना, आता झोपा, नाहीतर उद्या बिल्डिंगची लिफ्ट खोलाल." नाना एवढे मोकळे हसलेले मी चार वर्षांत पाहिले नव्हते.

सोमवारी दुपारी, तिसऱ्यांदा स्क्रीन काळी झाल्यावर, मी बाल्कनीचं दार लोटून कुंदनशेठला फोन लावला.

"तापतंय ते, ताई. कूलरच्या खाली राखाडी पेस्ट होती, ती आहे ना?"

मला चिंधीवरचे राखाडी डाग आठवले.

"तीच तर प्रोसेसरची उष्णता वर नेते. नसेल तर बंद पडणारच. जळत नाही, घाबरू नका. दीड-दोनशेची ट्यूब असते, तुमच्या तिथल्या मोबाइलवाल्याकडंपण मिळेल. पुसली कोणी?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

सोमवारी चार वाजता नाना कपालेश्वराला जातात. सांगायला माझ्याकडे दीड तास होता. नाना समोरच होते. मी चहा केला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला, चप्पल घातली आणि गेले.

आरोहीला घेऊन मी खाली जाऊन ट्यूब आणली. कूलरचे स्क्रू सोडवले. लाल रेघा तुटल्या, पापुद्र्यासारख्या निघाल्या. खाली धातू खरंच आरशासारखा होता. वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली, कूलर परत बसवला आणि नेलपेंटची बाटली उघडली. माझ्या रेघा जाड आल्या, एक तर वाकडीच.

"मी काढू?" आरोही म्हणाली.

"नको. आणि नानांना सांगायचं नाही हं."

"का?"

"गंमत आहे."

सहाला दहा कमी असताना ड्रॉइंग गेलं. नाना प्रसाद घेऊन आले. "चालली का मशीन?"

"चालली."

"मग? चालणारच," ते म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

मंगळवारी सकाळी मी पोळ्या लाटत होते. आतून हाक आली, "उज्ज्वला." एरवी ते मला 'आरूची आई' म्हणतात.

त्यांनी कॅबिनेटचा पत्रा काढला होता. एक दिवस चालल्यावर उघडून बघायचं, हीही त्यांच्या कारखान्याची पद्धत. मला ठाऊक नव्हती.

"कधी उघडलं?"

मी सगळं सांगितलं. पिठाचे हात पदराला पुसत, भराभरा. ते ऐकत होते.

"म्हणजे ग्रीस नव्हतं ते."

"नाही."

"हं."

"नाना, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"चुकीचं एवढं काय नाय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "चुकीला आमच्याकडं फॉर्म होता. लाल. चौतीस वर्षांत माझे पाच निघाले. एकबी लपवला नाय मी." त्यांनी माझ्या वाकड्या रेघेवरून अंगठा फिरवला. "पण एकाचं काम त्याच्या माघारी उघडून, वर त्याच्यासारखी रेघ ओढायची. त्याला फॉर्म नव्हता."

"म्हणजे?"

"तशी वेळ कधी आली नाय."

खिशातलं पेन काढून त्यांनी चिठ्ठीवरचं आपलं नाव खोडलं, सरळ एका रेषेत, आणि 'जोडणारा'पुढे माझं नाव लिहिलं. मग 'तपासणारा'पुढची माझी सहीही खोडली.

"तिथं तुम्ही सही करा ना, नाना."

"तू बसवताना मी कुठं बघितलं?" म्हणाले आणि पत्रा लावून टाकला.

काम मिळालं. आठवड्याला तीन-चार ड्रॉइंग येतात. आरोही झोपते तेवढ्यात एक होतं, ती खेळायला जाते तेवढ्यात अर्धं. मशीन एकदाही बंद पडलेलं नाही. नानाही पहिल्यासारखेच आहेत. भाजी आणतात, मेथी महाग झाल्याचं सांगतात, जेवताना माझ्या वरणाला नावं ठेवतात. मागच्या आठवड्यात कुकरची दांडी पुन्हा सैल झाली. मी मुद्दाम ती त्यांच्यासमोर टेबलावर ठेवून गेले. संध्याकाळी ती तिथेच होती. फक्त पेपर ठेवायला जागा व्हावी म्हणून थोडी बाजूला सरकवलेली. दुसऱ्या दिवशी महेश ती भांड्यांच्या दुकानात घेऊन गेला.

काल पाचच्या सुमाराला आरोही तिची छोटी सायकल ओढत थेट माझ्या खुर्चीपाशी आली. चेन उतरली होती. हात काळे, नाकावरही एक काळा ठिपका.

"अगं, आत कशाला आणलीस? नानांकडे ने."

"नेली होती. ते म्हणाले, आईकडून बसवून घे."

तिच्या डोक्यावरून मला बाल्कनी दिसत होती. नाना खुर्चीत बसून वाटाणे सोलत होते. शेंगेच्या शिवणीवर अंगठा ठेवायचा, दाबायचा, एकही दाणा बाहेर उडू द्यायचा नाही. सोललेली टरफलं त्यांनी एकावर एक, सगळ्यांची टोकं एका बाजूला करून, रचली होती.

आरोहीनंही मागे वळून तिकडं पाहिलं.

"त्यांना येतं ना पण?" तिनं विचारलं. "मग का नाही बसवत?"