गॅरेजमधल्या फ्रिजचा मालक

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणासाठी आणलेला अख्खा पक्षी, टर्की, ठेवायला जागा हवी, म्हणून वर्लीनच्या सुनेने, ब्रँडीने, गॅरेजमधल्या फ्रिजमधलं खोकं काढून स्वयंपाकघरात ओव्हनशेजारी ठेवलं. खोक्यात मातीत वर्लीनचं कासव, ओटिस, हिवाळ्याची झोप काढत होतं; त्याला सारखा गारवा मिळावा म्हणून वर्लीन दर हिवाळ्यात त्याला या फ्रिजमध्ये ठेवायची. ऊब लागून त्याचा पाय हलला, तशी वर्लीन भडकली.

"अगं शहाणे, असा मधेच उठवलास तर मरेल तो!"

"आई, वीस माणसं जेवायला येतायत. एका कासवापायी सगळ्यांना उपाशी ठेवू?"

वर्लीनने फ्रिजमधली टर्की काढून ब्रँडीच्या हातात दिली, खोकं परत आत ठेवलं आणि फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ही मेलेली आहे, बाई. हिला कुठेही ठेव. तो जिवंत आहे."